वाखेनिंगनच्या स्थळाने मला पाहिलं त्याची हकीकत

रीडिंग,
बुधवार, १६ जुलै

तीर्थरूप पद्माकरदादांना,

सुलक्षणाचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा नवा बसवल्यापासून जमिनीवर जाता येतं पण परत वर येता येत नाही, तेव्हा तो उभ्याउभ्याच घातला आहे.) तुमचं बी.पी., वहिनींची सायटिका आणि गच्चीवरची पाण्याची टाकी ही तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करते. टाकी गळते हे वहिनींकडून कळलं. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरची टाकी गळावी यावर मी एक अक्षर बोलणार नाही, कारण मी धाकटी आहे आणि आपल्या घरात धाकट्यांनी बोलायची पद्धत नाही. इकडे उदय, सूनबाई आणि मायरा मजेत आहेत. सूनबाई कमी बोलते, उदय फार बोलतो आणि मायरा दोघांचं बोलणं मला येऊन सांगते. माझी तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम की घरच्यांना तिची काळजी वाटू लागली आहे.

पत्र हाताने लिहिलेलं बघून तुम्ही आधी चष्मा पुसला असेल. पण आपल्या सांगलीच्या फॅमिली ग्रुपवर मी आता काही लिहिणार नाही असं ठरवलं आहे. गेल्या रविवारी तुम्ही तिथे जे टाकलंत (सुलूने बासष्टाव्या वर्षी परदेशी शिकायला जाणं हा शुद्ध पोरकटपणा असून तिने आता नामस्मरणाकडे वळावं) ते मी वाचलं. त्याखाली सतरा अंगठे आले. त्यातल्या चार जणांना मी ओळखतसुद्धा नाही, आणि एक अंगठा मिरजेच्या बापूकाकांचा आहे, ज्यांना गेली दोन वर्षं दिसत नाही. मी चाळीस वर्षं परदेशातच राहते आहे हे सतरांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. बाई भांडी घासायला गेली की ते सासर, आणि शिकायला निघाली की लगेच परदेश! तेव्हा म्हटलं, काय झालं ते दादांना एकदा सविस्तर लिहून कळवावं. तुमच्या खात्याच्या भाषेत सांगायचं तर हे पत्र माहितीस्तव आहे, मंजुरीस्तव नाही. मी जाणार आहे. हॉलंडमध्ये वाखेनिंगन नावाचं गाव आहे (तुम्ही ग्रुपवर वाघनगर लिहिलंत ते मी दुरुस्त केलं नाही, चांगलं वाटत होतं), तिथल्या युनिव्हर्सिटीत पाण्याच्या शास्त्राच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला मला प्रवेश मिळाला आहे. वर्ग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात.

हे खूळ डोक्यात शिरलं कसं, असं तुम्ही विचारणार. तर ते तुम्हीच शिरवलंत. सांगलीत पूर आला त्या साली मी फोन करून तुम्हाला विचारलं होतं की पाऊस थांबून चार दिवस झाले तरी पाणी उतरत का नाही. तुम्ही म्हणालात, सुलू, तुला त्यातलं कळायचं नाही. तेव्हा मी गप्प बसले, कारण माणूस माळ्यावर बसलेला असताना त्याच्याशी वाद घालू नये. पण मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली आहेत. अख्ख्या गावाच्या पोटात काय वळवळतं आहे ते मला कळत होतं, मग कृष्णेचं का कळू नये? रिटायर झाले तेव्हा लॅबवाल्यांनी मला बागेत टाकायची एक आरामखुर्ची भेट दिली. मी तिच्यात चार महिने बसले. (खुर्ची चांगली आहे. पण तिच्यात बसलं की समोर कुंपण दिसतं.) पाचव्या महिन्यात मी उठले आणि अर्ज भरला.

अर्ज भरताना समजलं की मी आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी आहे. म्हणजे बघा, पंच्याऐंशी साली इंग्लंडला आले तेव्हा भारतीय पासपोर्ट होता आणि ट्यूलिप बघायला जायचं तरी व्हिसा लागायचा. मग इथला लाल पासपोर्ट मिळाला आणि सगळा युरोप आपलाच झाला. मग इथल्या लोकांनी मतदान करून युरोप सोडला (मी नको म्हणून मत दिलं होतं, पण माझं घरात कोणी ऐकत नाही तर देशात कोण ऐकणार) आणि आता निळा पासपोर्ट घेऊन मी पुन्हा त्याच रांगेत उभी आहे. पदवी भारतातली, म्हणून इंग्रजीची परीक्षा द्यायला लावली. लंडनमधल्या ईलिंगच्या केंद्रावर एकोणीस-वीस वर्षांची पोरं बसली होती. तिथल्या बाईंना वाटलं मी कोणाची तरी आई आहे, त्यांनी मला फार अदबीने बाहेरच्या खुर्चीवर नेऊन बसवलं, पाणीसुद्धा दिलं. मी पाणी प्यायले आणि आत जाऊन माझ्या जागेवर बसले. तोंडी परीक्षेत विषय आला, तुमच्यावर प्रभाव पाडणाऱ्या एखाद्या वृद्ध व्यक्तीबद्दल दोन मिनिटं बोला. मी म्हटलं, माझी कोणा वृद्धाशी फारशी ओळख नाही. पण दोन मिनिटं भरायची होती म्हणून तुमच्याबद्दल बोलले. नऊपैकी आठ मिळाले.

उदयला मी प्रवेशाचं पत्र दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “आई, तुझा डोकं फिरली आहे का? लोक रिटायर झाल्यावर क्रूझला जातात. ऑनलाइन कोर्स कर ना, सीरियसली.” (रीडिंगमध्ये जन्मलेला मुलगा. त्याचं व्याकरण मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं, त्या नादात मूळ मुद्दा राहून गेला.) त्यानंतर रोज एक नवी अडचण निघायची. गुडघा, थंडी, सायकल, तिकडचे डॉक्टर. मी प्रत्येकीला उत्तर देत गेले. पण एक अडचण खरी निघाली आणि तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती म्हणजे राहायची जागा. युनिव्हर्सिटीने स्वच्छ लिहून पाठवलं की गावात खोल्या कमी आणि विद्यार्थी फार झाले आहेत, आणि ज्यांना एक ऑगस्टपर्यंत खोली मिळणार नाही त्यांनी कृपया येऊ नये. दादा, येऊ नये असं लिहिलं होतं. पत्ता नाही तर नगरपालिकेत नोंद नाही, नोंद नाही तर सरकारी नंबर नाही, नंबर नाही तर बँकेपासून डॉक्टरपर्यंत कोणी दारात उभं करत नाही. म्हणजे सगळं येऊन एका खोलीवर अडलं. मी त्रेचाळीस ठिकाणी लिहिलं. चाळिसांनी उत्तर दिलं नाही, दोघांनी मी कोणाच्या मुलीसाठी विचारते आहे असं विचारलं, आणि एका घराने म्हटलं, बुधवारी संध्याकाळी सहा वाजता व्हिडिओवर या, आम्ही तुम्हाला बघू.

आता ही बघण्याची भानगड काय ते सांगते. तिकडे चार-पाच विद्यार्थी मिळून एक घर चालवतात. एक खोली रिकामी झाली की ते इच्छुकांना एका संध्याकाळी बोलावतात, प्रश्न विचारतात, एकमेकांकडे बघतात, आणि सगळे गेल्यावर बसून ठरवतात की यातलं कोण आपल्या घरात शोभेल. त्याला त्यांच्या भाषेत एक लांबलचक नाव आहे, ते उच्चारताना घसा साफ होतो. मी वाचलं आणि हसत सुटले. दादा, हे तर कांदेपोहे! माझे अकरा कार्यक्रम तुम्ही स्वतः घडवून आणलेत. एकाच्या मामाने मला खिडकीपर्यंत चालून दाखवायला लावलं होतं, एकाच्या आईने सुईत दोरा ओवायला दिला होता, आणि पोहे खाऊन, चहा पिऊन, दहाही जण जाताना एकच शब्द बोलले होते, कळवतो. तुम्ही त्यांना फाटकापर्यंत सोडायला जायचात. परत येताना तुम्ही कडी कशी लावता त्यावरून मला स्वयंपाकघरात कळायचं. अकरावे हे. यांना पोहे आवडले म्हणून हो म्हणाले, आणि ते पोहे वहिनींनी केले होते हे मी यांना लग्नानंतर नऊ वर्षांनी सांगितलं.

तेव्हा या कामातला अनुभव मला कमी नव्हता. चूक झाली ती अशी की अनुभव मला एकटीलाच नव्हता. शशीला मी फोनवर सहज बोलून गेले. (शशी म्हणजे ईलिंगची माझी मैत्रीण. यांच्या वेळेपासूनची. इकडच्या आपल्या लोकांची निम्मी लग्नं तिने जमवली आहेत आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल ती आधीच बोलली होती.) ती म्हणाली, अगं मग एकटी काय बसतेस, मुलीकडचं म्हणून कोणीतरी मोठं माणूस नको का? शशी माझ्याहून पाच महिन्यांनी मोठी आहे. ती दुपारच्या ट्रेनने जरीकाठी साडी नेसून रीडिंगला हजर. उदयला हे कळलं तेव्हा तो ऑफिसचा कोट घालून, लॅपटॉप आणि प्रश्नांची यादी घेऊन आला, कारण त्याच्या मते ही एक प्रोसेस होती. आणि मी, जिला या सगळ्यातून सुटायचं होतं, तीच सकाळपासून पोह्यांची तयारी करत होते. हॉलंडमधली माणसं रीडिंगच्या टेबलावरचे पोहे कसे खाणार हा विचार आमच्यापैकी एकालाही शिवला नाही. कार्यक्रम म्हटला की हात आपोआप कांदा चिरायला लागतात.

सहाला पडद्यावर पाच चेहरे आले. फेम्के नावाची उंच मुलगी बोलायला पुढे होती, योरिस नावाचा मुलगा ओल्या केसांनी पावावर चॉकलेटचे दाणे भुरभुरून खात होता, आणि बाकीचे तिघे सोफ्यावर कोंबून बसले होते. शशीने पहिल्यांदा पोह्यांची बशी कॅमेऱ्यासमोर धरली. ती इतकी जवळ धरली की त्यांना अर्धा मिनिट खोबरंच दिसत असणार. मग तिने माझी ओळख करून दिली. मुलगी फार शांत आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात, स्वयंपाक उत्तम, सगळ्यांशी जुळवून घेते. फेम्केने विचारलं की तुझी सगळ्यात वाईट सवय कोणती. मी तोंड उघडायच्या आत शशी म्हणाली, “शी हॅज नन, डार्लिंग.” त्यांनी विचारलं की कोणी भांडी तशीच टाकून गेलं तर तू काय करशील. शशी म्हणाली, ही घासून टाकेल. मग उदयची यादी सुरू झाली. बॉयलरची शेवटची तपासणी कधी झाली, आग लागली तर बाहेर पडायची वाट कुठे, घरमालक कोण, घरात धूम्रपान कोण करतं. योरिसने हळूच पाव खाली ठेवला. शेवटी शशीने त्यांना त्यांचं मूळ गाव विचारलं, हात जोडले आणि म्हणाली, तुमचा होकार कळवा हं. सत्तावीस मिनिटांच्या त्या कार्यक्रमात मी हॅलो आणि बाय असे दोन शब्द बोलले. सांगलीतसुद्धा मला याहून जास्त बोलू दिलं होतं.

त्यांचं उत्तर आठच्या आत आलं. ते मी जसंच्या तसं मराठीत लिहिते. तुझी माणसं चांगली आहेत. पण तू कोण आहेस ते आम्हाला समजलं नाही. खोली तुला हवी आहे की तुला ती मिळावी असं त्यांना वाटतं, हेही समजलं नाही. म्हणून आमचं उत्तर नाही असं आहे. शुभेच्छा, फेम्के.

शशी म्हणाली, काय ही उद्धट कार्टी, वळण म्हणून काही नाही. उदयला वाटलं की मला वयावरून नाकारलं आहे आणि कुठेतरी तक्रार करायला हवी, तो लगेच लिहायलाच बसला. आणि मी? दादा, खरं सांगते, मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी नकाराचं कारण सांगितलं होतं. तुमच्याकडे दहा वेळा कळवतो ऐकलं, ते अजून कळवतच आहेत. इकडे तर विचारूच नका. इथे नाही म्हणायचं असलं की आधी तुमचं खूप कौतुक करतात, मग हवामानाबद्दल बोलतात, मग तुमचं नाव फाइलमध्ये ठेवतात. मी लॅबमध्ये मुख्य व्हायला तीनदा अर्ज केला होता. माझं नाव अजून तिन्ही फायलींमध्ये आहे. आणि या बावीस वर्षांच्या पोरीने पाच ओळींत मला सांगितलं की तू बोलली नाहीस म्हणून नाही. मी ते तीन वेळा वाचलं आणि चौथ्यांदा वाचताना मला माझाच राग आला. बासष्ट वर्षांची बाई, मला खोली पाहिजे होती, आणि मी पोहे करून गप्प बसले होते. मी त्यांना तिथल्या तिथे लिहिलं, तुमचं बरोबर आहे. मला दहा मिनिटं द्या, एकटीला. उत्तर आलं, ठीक. उद्या चार वाजता. एकटी.

आता घरात एकटं व्हायचं म्हणजे काय कठीण काम असतं ते तुम्हाला काय सांगू. उदय दोन गल्ल्या पलीकडे राहतो, त्याच्याकडे माझी किल्ली आहे, आणि माझा फोन लागला नाही की तो सात मिनिटांत दारात असतो. म्हणून मी फिजिओला जाते असं सांगून निघाले आणि मोठ्या सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये, ट्रॉल्या ठेवतात त्याच्या शेजारी गाडी लावून, फोन स्टिअरिंगला टेकवून बसले. चारला पाचही चेहरे आले. मी म्हटलं, वाईट सवयी लिहून घ्या. मी पाचला उठते आणि उठल्याचं सगळ्यांना कळतं. ओला फडका सिंकमध्ये पडलेला दिसला की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. भांडी मी घासणार नाही, ज्याची त्याने घासायची, चाळीस वर्षं घासून झाली आहेत. योरिसने तोंडावर विचारलं, आमचा जिना शिडीसारखा आहे, तू पडलीस तर? मी म्हटलं, तू पडलास तर जे कराल तेच करा. फेम्केने विचारलं, एवढ्या सगळ्यात आमच्याबरोबर का राहायचं आहे? मी आधी ठरवून ठेवलेलं उत्तर द्यायला लागले, जागा कुठे मिळत नाही वगैरे, आणि मग म्हटलं, नको, या पोरांना खरंच सांगू. म्हटलं, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या घरात सगळे माझी काळजी घ्यायला येतात, माझ्याशी भांडायला कोणी येत नाही. मला भांडायला माणसं पाहिजेत. ते हसले नाहीत. फेम्केने ते लिहून घेतलं.

मग मी त्यांना त्यांच्या वाईट सवयी विचारल्या. त्याची त्यांना सवय नव्हती. शेवटी फेम्के म्हणाली की ती दुसऱ्यांचं चीज चोरून खाते. मग मी त्यांना कळवतो म्हणजे काय ते समजावून सांगितलं आणि म्हटलं, हा शब्द मी दहा वेळा ऐकला आहे, अकराव्यांदा ऐकणार नाही. हो किंवा नाही, आत्ता सांगा. त्यांनी आवाज बंद केला. दोन मिनिटं मी ती पाच तोंडं नुसती हलताना बघत होते. तेवढ्यात एक बाई काचेवर टकटक करून, अगदी गोड हसून, खुणेने विचारायला लागली की तुम्ही निघताय का, मला ही जागा हवी आहे. मीही गोड हसले आणि नाही अशी मान हलवली. ती तिथेच थांबली. तिच्यामागे दोन गाड्या थांबल्या. एकाने हॉर्न वाजवला (इंग्लंडात, दुपारी चार वाजता!). दादा, मी जागची हलले नाही. मग आवाज सुरू झाला आणि फेम्के म्हणाली, चार हो, एक नाही. नाही म्हणणारा योरिस होता, आणि तो स्वतःच म्हणाला की मी नाही म्हटलं, कारण तू माझी खोली आवरशील. (आवरणारच आहे.) खोली माझी. पोटमाळ्यावर, एक पलंग, एक टेबल, एक खिडकी. गुरुवारचा स्वयंपाक माझ्याकडे, आणि एक आठवड्याआड कचऱ्याचे डबे बाहेर काढायचं काम. मी त्या बाईला जागा करून दिली आणि पुढच्या वळणावर गाडी थांबवून चांगली पाच मिनिटं रडले.

घरी येऊन उदयला सांगितलं. तो म्हणाला, “पण आई, मग मायराला स्कूलमधून कोण आणणार?” अखेर निघाला एकदाचा मुद्दा! गुडघा नाही, थंडी नाही, सायकल नाही. सव्वातीन वाजता शाळेच्या फाटकापाशी उभं राहायला माणूस हवं होतं. आईचं वय काढण्यापेक्षा पहिल्याच दिवशी असं म्हणाला असता तर मी त्याच्यावर इतकी चिडले नसते. मी त्याला शाळेतल्या आफ्टर-स्कूल क्लबचा फॉर्म आणून दिला. मायराला विचारलं तर ती म्हणाली, क्लबमध्ये टेबल टेनिस आहे, आज्जी तू खुशाल जा. मनाला लागलंही थोडं. पण बरंच झालं.

तेव्हा दादा, आता तुमच्या त्या ग्रुपवरच्या मजकुराकडे येते. तुम्ही लिहिलंत की चौसष्टाव्या वर्षी पदवी हातात घेऊन सुलू करणार काय. तुम्ही मागच्या वर्षी त्र्याहत्तराव्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतलेत, तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं का, की आता बघून करणार काय? बघायचं राहिलं होतं म्हणूनच काढलेत ना? मलाही बघायचं राहिलं आहे. आणि नामस्मरणाची तुम्हाला इतकी काळजी असेल तर हार्विचहून बोट सुटली की हॉलंडला लागेपर्यंत सात तास असतात, तेवढ्यात मी तुमच्या वाटचंही करून ठेवीन. सतरा अंगठ्यांना माझा नमस्कार सांगा. मी कोणाची परवानगी मागितलेली नाही, कोणाकडे काही मागितलेलं नाही, आणि मला कोणाकडून काही नको आहे.

कळवायचं ते सगळं कळवलं. वहिनींना नमस्कार, आणि तुमचा लोभ नेहमीप्रमाणे वरून रागावलेला आणि आतून शाबूत असू द्यावा.

तुमची धाकटी,
सुलू

ता. क. हे पत्र ग्रुपवर फोटो काढून टाकू नये. वहिनींना वाचून दाखवायला हरकत नाही, त्यांना फेम्के आवडेल.

ता. क. दुसरा. कोणाकडून काही नको असं वर लिहिलं आहे, त्यात थोडी दुरुस्ती आहे. आज सकाळी युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. प्रवेश पक्का करायला ऑगस्टअखेर पदवीचं मूळ प्रमाणपत्र समोर ठेवावं लागेल, झेरॉक्स चालणार नाही. इकडे मी खालच्या पायरीपासून सुरुवात करून इथल्याच परीक्षा दिल्या, त्यामुळे चाळीस वर्षांत ते कोणी मागितलं नाही आणि मीही कधी तुमच्याकडे मागितलं नाही. चौऱ्याऐंशी साली मला पुण्याला एम.एस्सी.ला जागा मिळाली होती. तुम्ही म्हणालात, आधी लग्न, शिक्षणाचं पुढे बघू. त्या रागात मी पदवीदानाला गेले नाही. तुम्ही एकटे कोल्हापूरला जाऊन ते आणलंत आणि कुठे ठेवलंत ते मी विचारलं नाही. ते प्रमाणपत्र नसेल तर खोली, इंग्रजीचे आठ मार्क, फेम्के, सगळं फुकट आहे. माझं जाणं तुमच्या हातात आहे दादा, आणि हे लिहायला मला एवढं लांबलचक पत्र लागलं.

ता. क. तिसरा. प्रमाणपत्र कुठे आहे ते मला आत्ताच फोनवर वहिनींकडून कळलं. त्यांनी तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं, पण मी सांगते. दर दसऱ्याला पाटीपूजनाला तुमच्या खात्याच्या जुन्या वह्यांवर तुम्ही माझं प्रमाणपत्र ठेवता आणि कोणी विचारलं तर कागद आहे म्हणता. एकेचाळीस वर्षांचं हळदकुंकू लागून माझ्या नावावर मोठा डाग पडला आहे म्हणे. डाग पुसायला जाऊ नका, तो कसला ते मी तिकडच्या लोकांना समजावून सांगेन. आणि कुरिअरने मुळीच पाठवू नका. उदयने मागच्या वर्षी काढून दिलेला इकडचा व्हिसा तुमच्या पासपोर्टवर कोराच पडला आहे, तेव्हा तुम्ही स्वतः घेऊन या आणि मला हार्विचला बोटीपर्यंत सोडा. पंच्याऐंशी साली मुंबईच्या विमानतळावर तुम्ही मला सोडायला आला होतात ते सासरी जाताना. या वेळी शिकायला जाताना सोडायला या.